पंख्याची चिठ्ठी

"चहा घेणार की कॉफी?" आईनं विचारलं, आणि स्वातंत्र्यावर सहाशे पानं लिहिलेला माणूस आमच्या दिवाणावर बसून विचारात पडला.

"तसं बघितलं तर," डॉ. वझरकर म्हणाले, "चहात एक मोकळेपणा आहे. कॉफीत जरा शिस्त आहे. दोन्हीच्या बाजूनं बोलता येईल."

आई पदराला हात पुसत उभीच. हेच उत्तर की उत्तर अजून यायचंय, तिला कळेना. मी खुणेनं सांगितलं, दोन्ही कर. आत जाता जाता ती माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्यांना पुण्याहून यष्टीत बसवलं कुणी गं? फलाटावर दोन यष्ट्या लागल्या असत्या तर अजून तिथंच उभे असते की!"

ब्याण्णव सालचा मे महिना होता. बार्शीचं ऊन काय असतं ते बार्शीकरालाच विचारावं. माझे वडील, मन्मथ तोडकरी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, त्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं आणि जीव मात्र वाचनालयाच्या व्याख्यानमालेत होता. किती तरी वर्षं तेच सेक्रेटरी. बाहेरगावचा वक्ता लॉजवर उतरवायचा आणि जावयाला लॉजवर उतरवायचं, हे त्यांच्या लेखी सारखंच. त्यामुळे सगळे थोर लोक आमच्याच घरी उतरायचे, आणि म्हणून महाराष्ट्रातले बरेच विचारवंत मी बनियनवर बघितलेले आहेत.

एक मौनाचं महत्त्व सांगणारे आले होते, ते दात घासतानासुद्धा बोलायचे. एक अपरिग्रहवाले आले, माणसानं वस्तूंचा मोह सोडावा म्हणाले आणि जाताना आमचं नेलकटर घेऊन गेले. आई अशांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडायची नाही. ती म्हणायची, "ते नेलकटरवाले", "ते दोनदा आमटी मागणारे". अप्पांना राग यायचा. "अगं, केवढा माणूस तो!" ते म्हणायचे. आई म्हणायची, "केवढा का असंना, गादीवर ओला टॉवेल टाकू नये."

पण वझरकरांची गोष्टच वेगळी. ते अप्पांचं दैवत होते. त्यांचं ते जाडं निळं पुस्तक अप्पांनी तीनदा वाचलं होतं, म्हणजे खरं तर मी वाचलं होतं. अप्पा दुकानात गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायची. "माणूस जेव्हा परवानगी मागतो," मी वाचायची. "थांब," अप्पा म्हणायचे. टर्र टर्र मशीन चालायचं, घागरीवर कुणाचं तरी 'सप्रेम भेट' उमटायचं. "हां, चालू दे." "माणूस जेव्हा परवानगी मागतो, तेव्हा तो आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या खिशात ठेवतो." अप्पा मशीन बाजूला ठेवून डोळे मिटायचे. "वा! खिशात ठेवतो! काय माणूस आहे गं!" मग चार दिवस ते वाक्य कळशी घ्यायला आलेल्या बायकांनाही ऐकावं लागायचं.

आता हेच अप्पा घरात 'बघू' म्हणायचे.

'बघू' समजून घ्या. आमच्या घरात 'नाही' हा शब्दच नव्हता. अप्पा कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही, कशाला नाही म्हणाले नाहीत. मी कॉलेजच्या सहलीला जाऊ का विचारलं, बघू. सहल जाऊन आली. सायकल घेऊ या का, बघू. थोरल्या ताईनं बीएडचं विचारलं तेव्हाही बघूच म्हणाले होते, आणि बघता बघता तिचं लग्न होऊन ती लातूरला गेली. नाही म्हटलं तर माणसाला भांडता तरी येतं. 'बघू'शी भांडायचं कसं?

मी सोलापूरला एम.एस्सी. केलं, केमिस्ट्री. हैदराबादच्या एका औषध कंपनीत मला नोकरी लागली. पत्र आलं, तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"लांब आहे," ते म्हणाले.

"रात्रीची गाडी आहे अप्पा, सकाळी पोचते. मुलींचं होस्टेल आहे कंपनीचं."

"तेलुगू बोलतात तिकडं."

"मला पगार देतील तो तेलुगूत नसणार."

ते हसले. मला वाटलं, झालं काम. मग पत्राची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाले, "बघू."

त्याला पंधरवडा झाला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि शनिवारी वझरकर आले.

त्यांची प्रकट मुलाखत होती. मुलाखत घेणार होते मेहेरकर सर. आमच्या गावात मुलाखत म्हटली की मेहेरकर सरच. पण मे महिना लग्नसराईचा आणि सरांना स्वतः रचलेली मंगलाष्टकं स्वतःच म्हणायचा नाद. एकाच मुहूर्तावर दोन कार्यालयांत सायकलवरून जाऊन त्यांनी ती म्हटली आणि घसा पार बसला. शुक्रवारी दुकानात येऊन ते नुसतेच हातवारे करायला लागले. अप्पा घाबरले, त्यांना वाटलं छातीत कळ आली.

"आता पुस्तक माहीत असलेला दुसरा माणूस कुठून आणू?" अप्पा डोकं धरून बसले. मग त्यांची नजर स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे वळली.

"घेशील का गं?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं, 'बघू' म्हणावं. पण तेवढ्यात डोक्यात दुसरंच काही शिजायला लागलं आणि मी म्हणाले, "घेते की."

माझा बेत अगदी साधा होता. जो माणूस लिहितो की परवानगी मागू नका, त्याला भर सभेत विचारायचं, की एका मुलीला नोकरी लागलीय, वडील अडवतायत, तिनं काय करावं. तो म्हणणार, जावं. तीनशे माणसं टाळ्या वाजवणार. आणि पहिल्या रांगेत अप्पा. दैवतानंच कौल दिल्यावर भक्त काय करणार? आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. "बाई गं," ती म्हणाली, "ज्याला चहा का कॉफी कळेना, त्याच्यावर तू आयुष्य टाकतीयस होय?"

"अगं, थोर माणसं बारीक गोष्टींत अशीच असतात."

"बरं. त्यांना विचारून ये, भाकरी खाणार का पोळी."

मी विचारलं. वझरकर म्हणाले, भाकरीला एक भूमी आहे आणि पोळीला एक परंपरा. आईनं दोन्ही केलं. तिनं परातीत भाकरी जरा जोरातच थापली, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी वाचनालयाचा हॉल खच्चून भरला होता. पंखे फिरत होते, पण ते वारा देण्यापेक्षा आवाजच जास्त करायचे. अप्पांनी डॉक्टरांना शाल घातली. त्या उकाड्यात शाल! बिचारे घामाघूम झाले. शेजारी मेहेरकर सर बसले होते, ते मला धीर द्यायला म्हणून सारखी मान हलवत होते.

आमच्याकडे श्रोत्यांच्या प्रश्नांची एक पद्धत होती. चिठ्ठ्या अप्पांच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यात यायच्या. अप्पा एकेक उघडून वाचायचे. पसंत पडली तर स्टेजवर पाठवायचे, नाही तर शर्टाच्या खिशात. आणि ज्या चिठ्ठीवर नाव नाही, ती वाचायचीसुद्धा नाही, सरळ खिशात. "प्रश्न विचारायचा तर नाव घालून विचारावा," हा त्यांचा नियम, आणि दर वर्षी पहिल्या दिवशी ते तो माईकवरून सांगायचे. त्यामुळे स्टेजवर पोचणारे प्रश्न कसे असायचे? आपल्या लेखनाची प्रेरणा कोणती. तरुण पिढीला आपला संदेश काय. मागच्या वर्षी नेलकटरवाल्यांनाही हेच विचारलं होतं.

वझरकर बोलले मात्र झकास, खोटं कशाला सांगू? चहा-कॉफीला अडणारा माणूस माईक हातात आल्यावर वेगळाच झाला. मी पुस्तकातून विचारत गेले, ते रंगत गेले. खिशाचं ते वाक्य आलं तेव्हा अप्पांनी ओठ हलवून ते बरोबरीनं म्हटलं. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला आपण त्याच्याच दैवताच्या हातून पाडणार आहोत.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. प्रेरणा झाली. संदेश झाला. तेवढ्यात पहिल्या रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून कुणी तरी डब्यात न टाकता एक चिठ्ठी थेट माझ्या हातात सरकवली. मी उघडली. त्यावर लिहिलं होतं, 'कृपया पंखा वाढवावा'.

हीच वेळ होती. मी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली.

"श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "एका मुलीला परगावी नोकरी लागली आहे. वडील नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत. सोमवारी हजर व्हायचंय. तिनं काय करावं?"

अप्पांचा हात डब्यात होता, तो तिथंच राहिला. कुठल्या चिठ्ठ्या आपण वर पाठवल्या ते सगळ्या हॉलमध्ये फक्त त्या एका माणसाला माहीत होतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठीकडे बघितलं.

"नाव?" अप्पा पहिल्या रांगेतून म्हणाले. "चिठ्ठीवर नाव काय आहे?"

"नाव नाहीये."

"निनावी चिठ्ठी आपण घेत नाही. नियम आहे."

"असू द्या, असू द्या, सेक्रेटरी," वझरकर हात उंचावून म्हणाले. "प्रश्न नावाचा नसतो, प्रश्न माणसाचा असतो!" टाळ्या पडल्या. अप्पांनी हात डब्यातून बाहेर काढला. माझ्या तळहातातली चिठ्ठी घामानं भिजून गेली होती.

"हा प्रश्न त्या मुलीचा नाहीच," वझरकर सुरू झाले. "हा काळाचा प्रश्न आहे. मुलीचं स्वातंत्र्य आणि वडिलांची काळजी एकमेकांविरुद्ध नसतात. वडील गप्प आहेत, याचा अर्थ त्यांच्यात काही घडतंय. त्या घडण्यालाही अवकाश हवा."

"म्हणजे तिनं जावं?" मी विचारलं.

"जाणं आणि न जाणं, या दोन्हीच्या पलीकडे एक जागा असते."

"पण गाडी रविवारीच आहे."

हॉल हसला. वझरकरही हसले, पण शालीत जरा सावरून बसले. "असं घाईनं सांगता येत नाही. दोन्हीच्या बाजूनं बोलता येईल. वाट पाहण्यातही एक कृती असते. काळ पुढे सरकतो, उत्तरं आपोआप उमलतात. तोवर... बघावं लागतं."

आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं कपाळावर हात मारलेला मला स्टेजवरून दिसला. संपलं, म्हटलं. दैवत आणि भक्त एकाच माळेचे मणी. आता अप्पांना आयुष्यभर पुरेल एवढा आधार मिळाला.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. अप्पा उभे राहिले होते, मांडीवरचा डबा फरशीवर पडून गोल गोल फिरत होता आणि चिठ्ठ्या सगळीकडे पसरल्या होत्या.

"डॉक्टर," अप्पा म्हणाले, "म्हणजे तुम्ही 'बघू' म्हणताय."

"साध्या शब्दांत सांगायचं तर..."

"अहो, हे तर मी पण म्हणतो घरात! रोज म्हणतो! त्याला सहाशे पानं कशाला लागतात?"

लोक खो खो हसायला लागले. लोकांना वाटलं, अप्पा गंमत करतायत. मेहेरकर सर बसक्या घशानं हसले, त्याचा शिट्टीसारखा आवाज आला. पण अप्पा हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं होतं तुम्हाला तरी ठाऊक असेल," ते म्हणाले. "मला तर काही सुचत नाही. 'जा' म्हटलं की ती जाणार. 'नको' म्हणायला तोंड होत नाही. म्हणून मी 'बघू' म्हणतो. तुम्ही कशाला म्हणता?"

हसणं हळूहळू थांबलं. आपण काय बोलून गेलो ते अप्पांच्या लक्षात यायच्या आधीच हॉलच्या लक्षात आलं. बायकांच्या रांगांमधून नजरा स्टेजवर माझ्याकडे वळायला लागल्या. मला धरणीत गडप व्हावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी पळत खाली जाऊन अप्पांना मिठी मारावीशी वाटत होती. मी खुर्चीला चिकटून बसले.

वझरकरांनी चष्मा काढला. शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. माईक त्यांनी खाली ठेवला होता, त्यामुळे पुढचं पहिल्या दोन-तीन रांगांनाच ऐकू गेलं असणार.

"मला एक मुलगी आहे," ते म्हणाले. "ती कॅनडात असते. तिनं मला विचारलं नाही. मी काय म्हणेन ते तिला माहीत होतं. ती गेली, त्याच्यानंतर मी ते पुस्तक लिहायला घेतलं." मग ते अप्पांकडे वळले. "तुमच्या या चिठ्ठीतल्या मुलीनं निदान विचारलं तरी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अप्पा वाकले आणि पसरलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला लागले. एकेक उचलायचे, सरळ करायचे, डब्यात ठेवायचे. त्यांना कुणी मदत केली नाही, बहुतेक कुणाला सुचलंच नाही.

कार्यक्रम काही असा मध्येच संपवता येत नाही. आभार राहिले होते, आणि आभार मानणं सेक्रेटरीचं काम. अप्पा माईकपाशी आले. माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. दर वर्षीचे आभार त्यांना पाठ होते.

"डॉ. वझरकर एवढ्या उन्हात आले, त्यांचे आभार," ते म्हणाले. "माईकवाले, खुर्चीवाले यांचे आभार. पाण्याची सोय करणारे बाबू पानवाले यांचे आभार. मेहेरकर सरांच्या घशाला आराम पडो. आणि मुलाखतकार गिरिजा तोडकरी, यांचेही आभार." आयुष्यात पहिल्यांदाच ते मला अहोजाहो करत होते. त्यांनी माईक जवळ ओढला. "पुढच्या वर्षी समितीला मुलाखतीसाठी दुसरं माणूस शोधावं लागेल. कारण त्या सोमवारपासून हैदराबादला नोकरीला आहेत, तेव्हा त्यांना सवड होणार नाही. याची सभासदांनी नोंद घ्यावी. अल्पोपाहाराची सोय मागं केली आहे."

मी रडले. स्टेजवर, माईकसमोर, तीनशे माणसांदेखत, भोकाड पसरून. मेहेरकर सरांनी मला रुमाल दिला, त्याला निलगिरीचा वास येत होता, त्यानं आणखीनच पाणी आलं.

घरी आल्यावर आईनं पानं मांडली. वझरकर हात धुऊन पाटावर बसले.

"भाकरी का पोळी?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता, नुसतीच दमणूक होती.

"भाकरी," ते म्हणाले. पुढं एक अक्षर नाही. आईनं त्यांना न मागता लोण्याचा मोठा गोळा वाढला, आणि नंतर कायम त्यांना नावानं ओळखलं. हा मान आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या विचारवंताला मिळाला नाही.

जेवण झाल्यावर अप्पा ओसरीवर आले, तिथं मी माझी ट्रंक उघडून बसले होते. त्यांनी माझ्यापुढं हात केला.

"चिठ्ठी," ते म्हणाले.

मी दिली. पार चुरगळली होती. त्यांनी ती उजेडाकडे धरली, चष्मा वर-खाली करून वाचली. 'कृपया पंखा वाढवावा'. त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की काय करतायत, मला आधी कळलंच नाही.

मग त्यांनी ती नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, नापसंत चिठ्ठ्या ठेवायचे त्याच खिशात.

"नियम म्हणजे नियम," अप्पा म्हणाले. "पुढच्या वेळी नाव घालून विचार."